उद्दीपन-प्रतिसादी रेणू आणि पेशीग्राहींचे नियंत्रण

पेशीच्या पृष्ठभागावरील ग्राही प्रथिनांचे कार्य एखाद्या ठरावीक उद्दीपनाने सुरू किंवा बंद करता यावे, या हेतूने घडवलेल्या रेणूंना उद्दीपन-प्रतिसादी रेणू म्हणतात. प्रकाश, सामू (आम्लतेचे माप) किंवा एखाद्या रसायनाचे सान्निध्य ही अशी उद्दीपने होत. यांपैकी प्रकाशाने चालणाऱ्या रेणूंचा अभ्यास सर्वांत जुना व विस्तृत असून त्या शाखेस प्रकाश-औषधशास्त्र असे नाव आहे. रसायनशास्त्र, प्रथिन-अभियांत्रिकी, चेताविज्ञान आणि औषधशास्त्र या चारही शास्त्रांचा या विषयाशी संबंध येतो.

या संशोधनामागील मूळ अडचण साधी आहे. नेहमीचे औषध आपला ग्राही ओळखते; तो ग्राही शरीराच्या कोणत्या भागात आहे, हे मात्र त्याला ओळखता येत नाही. फेंटानिल हे वेदनाशामक जखमेच्या ठिकाणच्या चेतातंतूंवरील ओपिऑइड ग्राहींना जाऊन चिकटते, तसेच ते श्वसनाचे नियमन करणाऱ्या मस्तिष्कस्तंभातील आणि आतड्यातील त्याच जातीच्या ग्राहींनाही चिकटते. वेदना शमते, पण बद्धकोष्ठ होते, मात्रा वाढल्यास श्वास मंदावतो आणि प्रसंगी रुग्ण दगावतो. औषधाचा परिणाम हव्या त्या जागी आणि हव्या त्या वेळीच घडवून आणणे, हे उद्दीपन-प्रतिसादी रेणूंचे उद्दिष्ट आहे.

ग्राही

ग्राही म्हणजे पेशीपटलात रुतलेले, बाहेरचा रासायनिक संदेश स्वीकारून तो पेशीच्या आत पोहोचवणारे प्रथिन. ग्राहीला जोडल्या जाणाऱ्या रेणूस लिगँड म्हणतात. जर्मन वैद्यक पाउल एर्लिख आणि ब्रिटिश शरीरक्रियाविज्ञ जॉन लँगली यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी स्वतंत्रपणे ही कल्पना मांडली. निकोटीन आणि क्युरारे या दोन विषांचा स्नायूंवरील विरोधी परिणाम अभ्यासताना, स्नायूत या दोहोंना ग्रहण करणारा एखादा पदार्थ असला पाहिजे, असा निष्कर्ष लँगली यांनी १९०५ मध्ये काढला.

प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने ग्राहींचे दोन वर्ग महत्त्वाचे आहेत. पहिल्या वर्गातील ग्राही स्वतःच आयनांचा मार्ग असतात. लिगँड जोडला गेला की मार्ग उघडतो आणि काही सहस्रांश सेकंदांत विद्युत्भारित कण पेशीत शिरतात. स्नायूंवरील ॲसिटिलकोलीन ग्राही आणि मेंदूतील ग्लुटामेट ग्राहींपैकी बरेचसे या वर्गात मोडतात. दुसरा वर्ग जी-प्रथिनाशी जोडलेल्या ग्राहींचा. मानवी जनुकसंचात अशा ग्राहींची सुमारे ८०० जनुके आहेत आणि मान्यताप्राप्त औषधांपैकी सुमारे एक-तृतीयांश औषधे याच वर्गावर कार्य करतात. त्यांच्या अभ्यासाबद्दल रॉबर्ट लेफ्कोविट्झ आणि ब्रायन कोबिल्का यांना २०१२ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

निसर्गातील नमुना

प्रकाशाने चालणारा ग्राही ही मानवाची मूळ कल्पना नव्हे. डोळ्याच्या दृष्टिपटलातील ऱ्होडॉप्सिन हा जी-प्रथिनाशी जोडलेलाच ग्राही आहे. त्याच्या पोकळीत जीवनसत्त्व अ पासून बनलेला रेटिनल हा रेणू कायमचा बांधलेला असतो. अंधारात हा रेणू वाकलेल्या रूपात असतो आणि ग्राहीला निष्क्रिय ठेवतो. प्रकाशाचा एक कण पडताच तो सरळ होतो, आणि जो रेणू क्षणापूर्वी ग्राहीला रोखून धरत होता तोच त्याला चालना देतो. दृष्टीची पहिली पायरी ती हीच. रेटिनलच्या या रूपांतराचे कार्य उलगडणारे जॉर्ज वॉल्ड १९६७ च्या वैद्यकशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचे एक मानकरी होते.

औषधाच्या रेणूला प्रकाशाने आकार बदलणारा सांधा बसवणे आणि गरजेनुसार तो रेणू ग्राहीला बांधून ठेवणे, या दोन्ही युक्त्या पुढे रसायनशास्त्रज्ञांनी वापरल्या. दोन्ही ऱ्होडॉप्सिनमध्ये आधीपासूनच आढळतात.

ॲझोबेंझीन: प्रकाशाने वळणारा सांधा

कृत्रिम रेणूंत हा सांधा बहुतेक वेळा ॲझोबेंझीनचा असतो. दोन बेंझीन वलये आणि त्यांना जोडणारे, परस्परांशी दुहेरी बंधाने बांधलेले दोन नायट्रोजन अणू, अशी त्याची रचना आहे. याच कुळातील संयुगे कापडाच्या रंगांत दीर्घकाळ वापरात आहेत. जी. एस. हार्टली यांनी १९३७ मध्ये दाखवून दिले की प्रकाशात ठेवलेल्या ॲझोबेंझीनमध्ये एक निराळा समघटक तयार होतो. नेहमीच्या ट्रान्स रूपात रेणू सपाट व लांबट असतो. सिस रूपात तो मधोमध वाकतो. दोन्ही टोकांच्या कार्बन अणूंमधील अंतर सुमारे ०.९ नॅनोमीटरवरून सुमारे ०.५५ नॅनोमीटरवर येते. जंबुपार प्रकाशाने, साधारण ३६५ नॅनोमीटर तरंगलांबीला, रेणू वाकतो. निळ्या प्रकाशाने तो पुन्हा सरळ होतो. अंधारात ठेवल्यासही सिस रूप हळूहळू आपोआप ट्रान्स रूपात परतते. हा काळ वलयांवर कोणते अणुगट जोडले आहेत यावर अवलंबून असून तो सेकंदाच्या अंशापासून अनेक दिवसांपर्यंत काहीही असू शकतो.

अंतरातील हा फरक डोळ्यांना न दिसणारा असला, तरी ग्राहीची लिगँड धरणारी पोकळी त्याच मापाची असते. म्हणून सरळ रेणू पोकळीत बसतो आणि वाकलेला बसत नाही, किंवा याच्या उलट घडते. ग्राही व औषध यांच्या नात्यासाठी कुलूप आणि किल्ली ही उपमा पाठ्यपुस्तकांतून नेहमी दिली जाते. येथे ती थोडी अपुरी पडते, कारण किल्ली कुलपात असतानाच तिचे दाते बदलतात.

विद्युत ईलवरील प्रयोग

प्रकाशाने ग्राही चालवण्याचे पहिले प्रयोग न्यू यॉर्क येथील कोलंबिया विद्यापीठात झाले. तेथील डेव्हिड नाखमानझोन दीर्घकाळ दक्षिण अमेरिकेतील विद्युत ईल या माशाच्या वीजनिर्मितीचा अभ्यास करीत होते. (नावात ईल असले तरी हा मासा खऱ्या ईलच्या कुळातील नाही.) त्याच्या विद्युत अवयवातील चपट्या पेशींवर ॲसिटिलकोलीन ग्राही मोठ्या संख्येने दाटलेले असतात, त्यामुळे ग्राहींच्या अभ्यासासाठी तो फार सोयीचा ठरला. बर्नार्ड अर्लांगर, नाखमानझोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६९ मध्ये ॲझोबेंझीनचा सांधा असलेला, ग्राहीला रोखणारा रेणू या पेशींना दिला. ३२० आणि ४२० नॅनोमीटरच्या प्रकाशांची अदलाबदल करताच पेशीपटलाच्या दोन बाजूंमधील विद्युत विभवांतर बदलू लागले. दृष्टीच्या पहिल्या पायरीतील रेणूचे वळणे आणि चेतापेशीतील विद्युत बदल यांची सांगड कशी घातली जात असेल, याचा हा नमुना आहे, असे या संशोधकांनी लिहिले.

दोनच वर्षांनी, १९७१ मध्ये, ग्राहीला रोखण्याऐवजी चालना देणारे रेणू याच गटाने तयार केले. बिस-क्यू या नावाने ओळखल्या जाणाऱ्या रेणूचे ट्रान्स रूप प्रबळ चालक होते आणि सिस रूप जवळजवळ निष्क्रिय. त्यासोबतच्या क्यूबीआर या रेणूला एक क्रियाशील टोक होते. ग्राहीतील गंधकाचा बंध रासायनिक क्रियेने मोकळा केला की हे टोक तेथे कायमचे जोडले जाई. अशा रीतीने चालक रेणू ग्राहीशी बांधला गेला आणि त्याला चालू-बंद करण्याचे काम केवळ प्रकाशाकडे उरले. कॅलिफोर्नियातील हेन्री लेस्टर यांच्या गटाने १९७० च्या दशकाच्या अखेरीस प्रकाशाच्या क्षणिक झोतांनी हे रेणू वळवून ग्राहीचा मार्ग किती वेगाने उघडतो आणि मिटतो, याची मोजमापे घेतली. द्रव मिसळून किंवा धुऊन काढून इतक्या थोड्या काळातील घटना मोजणे तेव्हा शक्य नव्हते.

यानंतर हा विषय सुमारे दोन दशके मागे पडला. ग्राहींची जनुके हाती आलेली नव्हती. त्यामुळे रेणू ग्राहीवर नेमका कोठे बांधावा हे ठरवण्याचा मार्ग नव्हता. निसर्गतः गंधकाचा बंध जेथे असेल तेथेच समाधान मानावे लागे.

ग्राहीला बांधलेले रेणू

जनुकात हवा तो बदल करून प्रथिनातील एखादे ॲमिनो आम्ल बदलण्याचे तंत्र रुळल्यावर ही अडचण दूर झाली. बर्कली येथील एहुद इसाकॉफ, डिर्क ट्राउनर आणि रिचर्ड क्रेमर यांनी २००४ मध्ये प्रथम पोटॅशियमच्या आयनमार्गावर ही पद्धत यशस्वी केली. २००६ मध्ये इसाकॉफ, ट्राउनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती ग्लुटामेट ग्राहीवर आणली.

या ग्राहीचा लिगँड धरणारा भाग शिंपल्यासारखा दोन पाळ्यांचा असतो. ग्लुटामेट आत आले की पाळ्या मिटतात आणि त्या हालचालीच्या ओढीने आयनमार्ग उघडतो. संशोधकांनी शिंपल्याच्या ओठाजवळील एक ॲमिनो आम्ल बदलून तेथे सिस्टीन बसवले. मग तीन भागांचा एक रेणू बनवला: एका टोकाला सिस्टीनमधील गंधकाला पक्के जोडले जाणारे मॅलेमाइड, मध्ये ॲझोबेंझीन आणि दुसऱ्या टोकाला ग्लुटामेट. ३८० नॅनोमीटरच्या प्रकाशात रेणू वाकतो, ग्लुटामेटचे टोक शिंपल्यात पोहोचते आणि मार्ग उघडतो. ५०० नॅनोमीटरच्या हिरवट प्रकाशात रेणू सरळ होतो, टोक बाहेर ओढले जाते आणि मार्ग बंद होतो. प्रकाश काढून घेतल्यावरही रेणू काही मिनिटे वाकलेलाच राहतो. त्यामुळे एका झोताने ग्राही बराच वेळ चालू ठेवता येतो.

झेब्राफिश या लहानशा माशाची पिल्ले पारदर्शक असल्याने त्यांच्यावर या ग्राहीची परीक्षा घेणे सोपे होते. २००७ मध्ये त्यांच्या स्पर्शसंवेदी चेतापेशींत हा ग्राही बसवून, स्पर्श होताच निसटण्याची त्यांची प्रतिक्रिया प्रकाशाने थांबवता व पूर्ववत करता आली. २००९ मध्ये मेरुरज्जूतील एका विशिष्ट जातीच्या चेतापेशी याच मार्गाने चेतवल्यावर पिल्ले पोहू लागली. या पेशींचे कार्य तोपर्यंत अज्ञात होते.

जी-प्रथिनाशी जोडलेल्या ग्लुटामेट ग्राहींवर ही पद्धत २०१३ मध्ये लागू झाली. मात्र मॅलेमाइडला गंधक जेथे दिसेल तेथे चिकटण्याची खोड असते. म्हणून २०१५ मध्ये एक सुधारित रचना पुढे आली. तीत ग्राहीच्या जनुकालाच स्नॅप-टॅग नावाच्या छोट्या प्रथिनाचे जनुक जोडतात आणि रेणूच्या टोकाला केवळ त्या प्रथिनालाच ओळखणारा बेंझिलग्वानीन हा गट बसवतात. दोर थोडा लांब झाला, पण गाठ चुकीच्या ठिकाणी पडण्याचे थांबले.

याच काळात प्रकाश-जनुकशास्त्राचाही उदय झाला. त्यात शैवालासारख्या जीवांतील प्रकाशसंवेदी प्रथिने चेतापेशीत बसवतात. ती पद्धत वापरायला अधिक सोपी असल्याने अधिक पसरली. तिच्याद्वारे पेशी चेतवता येते हे खरे. परंतु त्या पेशीच्या स्वतःच्या अमुक एका ग्राहीचे काम काय, या प्रश्नाचे थेट उत्तर तिच्याकडून मिळत नाही. बांधलेल्या रेणूंचे महत्त्व याच ठिकाणी टिकून आहे.

मोकळे रेणू

वरील सर्व पद्धतींत जनुकबदल अनिवार्य आहे. रुग्णाला गोळी किंवा सुई देऊन भागावे अशी अपेक्षा असेल, तर शरीरातील मूळ ग्राहींवरच कार्य करणारा मोकळा रेणू हवा. अशा रेणूत ॲझोबेंझीन वेगळे जोडण्याऐवजी ते औषधाच्या रचनेतच मिसळून टाकतात. २०१४ मध्ये ट्राउनर यांच्या गटाने फेंटानिलपासून प्रकाशाने चालणारा ओपिऑइड रेणू तयार केला. त्याच वर्षी बार्सिलोनातील पाउ गोरोस्तिझा, अमादेउ येबारिया आणि सहकाऱ्यांनी ॲलोस्विच-१ हा रेणू प्रसिद्ध केला. तो ग्लुटामेटच्या जागेवर न बसता ग्राहीच्या दुसऱ्याच एका पोकळीत बसून ग्राहीला मंद करतो. जांभळ्या प्रकाशात त्याची पकड सुटते. बेडूक व झेब्राफिश यांच्या पिल्लांच्या हालचालींवर त्याचा परिणाम दिसून आला. नेदरलँड्समधील बेन फेरिंगा यांच्या गटाने याच वर्षी या शाखेचा विस्तृत आढावा घेतला. रेण्वीय यंत्रांच्या रचनेबद्दल फेरिंगा यांना २०१६ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

याहून जुनी आणि एकेरी पद्धत पिंजराबद्ध रेणूंची आहे. त्यात क्रियाशील रेणूवर प्रकाशाने तुटणारा एक गट चढवतात. प्रकाश पडला की तो गट गळून पडतो आणि रेणू मोकळा होतो. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात पेशीतील ऊर्जावाहक एटीपी या रेणूवर अशी प्रक्रिया झाली. पिंजराबद्ध ग्लुटामेट आज चेताविज्ञानाच्या प्रयोगशाळांत नित्य वापरात आहे. मोकळा झालेला रेणू पुन्हा पिंजऱ्यात घालता येत नाही, हा या पद्धतीचा उणेपणा.

शरीरातीलच उद्दीपने

प्रकाश बाहेरून द्यावा लागतो. दाह झालेली किंवा कर्करोगग्रस्त ऊती मात्र स्वतःच निरोगी ऊतीहून रासायनिकदृष्ट्या निराळी असते. त्या निराळेपणालाच उद्दीपन मानावे, अशी दुसरी विचारसरणी आहे.

बर्लिन येथील क्रिस्टोफ श्टाइन यांच्या गटाने २०१७ मध्ये सादर केलेला एनएफईपीपी हा रेणू याचे उत्तम उदाहरण होय. रक्ताचा सामू ७.४ असतो; दाह झालेल्या ऊतीत तो ७ च्या खाली येतो. फेंटानिलमधील एका नायट्रोजनने प्रोटॉन स्वीकारून धनभारित झाल्याशिवाय ते ओपिऑइड ग्राहीला नीट जोडले जात नाही. हा नायट्रोजन ज्या सामूला निम्मा भारित असतो ते मूल्य फेंटानिलसाठी सुमारे ८.४ आहे, म्हणजे निरोगी ऊतीतही दहापैकी नऊ रेणू भारित व कार्यक्षम असतात. संशोधकांनी नायट्रोजनच्या जवळ फ्लोरीनचा एक अणू बसवला. फ्लोरीन इलेक्ट्रॉन आपल्याकडे ओढतो, त्यामुळे नायट्रोजनची प्रोटॉन स्वीकारण्याची ओढ कमी होते आणि ते मूल्य सुमारे ६.८ वर उतरते. गणित केल्यास ७.४ सामूला सुमारे पंचमांश रेणू भारित राहतात, तर ६.५ सामूला सुमारे दोन-तृतीयांश. प्रयोगशाळेतील मोठ्या उंदरांत या रेणूने जखमेच्या जागची वेदना शमवली. श्वसनावरोध, गुंगी व बद्धकोष्ठ हे दुष्परिणाम दिसले नाहीत. एका अणूच्या बदलाने साधलेली ही योजना अत्यंत देखणी आहे. तथापि पंचमांश म्हणजे शून्य नव्हे, हेही ध्यानात ठेवावे लागते.

प्रत्यक्ष रुग्णसेवेत आलेल्या सामू-प्रतिसादी रेणूंत सॅट्रालिझुमॅब हे प्रतिपिंड गणले जाते. ते इंटरल्यूकिन-६ च्या ग्राहीला रोखते. सामान्य प्रतिपिंड ग्राहीला चिकटले की पेशी त्या जोडीला आत ओढून नष्ट करते आणि औषध लवकर संपते. जपानमधील चुगाई या कंपनीच्या संशोधकांनी प्रतिपिंडाच्या पकडीच्या जागी हिस्टिडीन हे ॲमिनो आम्ल बसवले. ६ च्या आसपासच्या सामूला हिस्टिडीनवर धनभार येतो. त्यामुळे रक्तात हे प्रतिपिंड ग्राहीला धरून राहते, पेशीच्या आतील आम्लधर्मी कोशिकेत त्याला सोडून देते आणि पुन्हा रक्तात परतते. डोळ्याची चेता व मेरुरज्जू यांना ग्रासणाऱ्या न्यूरोमायलायटिस ऑप्टिका या विकारासाठी त्याला २०२० मध्ये जपान व अमेरिकेसह अनेक देशांत मान्यता मिळाली. सुरुवातीच्या मात्रांनंतर ते चार आठवड्यांतून एकदा द्यावे लागते.

कर्करोगावरील संशोधनात हाच विचार आणखी पुढे नेला आहे. सीडी-१३७ हा प्रतिकारपेशींवरील ग्राही चेतवणाऱ्या युरेलुमॅब या प्रतिपिंडाच्या चाचण्यांत यकृताला गंभीर इजा होऊन दोन रुग्णांचा मृत्यू झाला होता, कारण ते शरीरभर कार्य करीत होते. कर्कगाठीत पेशीबाहेरील एटीपीचे प्रमाण निरोगी ऊतीपेक्षा कितीतरी अधिक असते. हे लक्षात घेऊन, एटीपी हजर असेल तरच सीडी-१३७ ला चिकटणारे प्रतिपिंड तयार करण्यात आले. उंदरांवरील प्रयोगांत त्याने गाठीवर परिणाम केला, पण इतर अवयवांना तशी इजा झाली नाही.

मर्यादा

प्रकाशाची पोच ही पहिली मर्यादा. जंबुपार आणि निळा प्रकाश त्वचेत फार खोल जात नाही. तांबडा आणि अवरक्ताजवळचा प्रकाश त्याहून बराच खोल जातो. म्हणून ॲझोबेंझीनच्या वलयांवर योग्य जागी अणुगट बसवून त्याला लांब तरंगलांबीला प्रतिसाद द्यायला लावण्याचे काम टोरंटो येथील अँड्र्यू वुली आणि इतरांनी २०११ पासून केले आहे. शिवाय जंबुपार प्रकाश पेशींना स्वतःच अपायकारक असतो. पेशीत विपुल असलेले ग्लुटाथिओन काही ॲझो बंध तोडते, हाही प्रत्येक नव्या रेणूबाबत तपासण्याचा मुद्दा आहे.

दुसरी मर्यादा अधिक मूलभूत आहे. कोणत्याही प्रकाशात सर्वच्या सर्व रेणू वळत नाहीत. काही अंश जुन्याच रूपात उरतो. शिवाय ज्या रूपाला निष्क्रिय म्हणावे तेही मात्रा वाढवल्यावर थोडेफार कार्य करतेच. दोन रूपांच्या परिणामात शंभरपट फरक असला, तर औषधाच्या योग्य मात्रेची मर्यादा रुंद राहते; चार-पाच पटच असला, तर फारसे काही साधत नाही. प्रयोगशाळेत चमकलेले अनेक रेणू याच कसोटीला उतरत नाहीत.

डोळ्यावरील उपयोग

प्रकाश आत जाण्यासाठीच घडलेला अवयव डोळा असल्याने पहिली मर्यादा तेथे लागू पडत नाही. रेटिनायटिस पिगमेंटोसा या आनुवंशिक विकारात दृष्टिपटलातील प्रकाशसंवेदी पेशी मरतात, पण त्यांच्या मागील चेतापेशी दीर्घकाळ जिवंत राहतात. इसाकॉफ यांच्या गटाने २०१४ मध्ये प्रकाशाने चालणारा ग्लुटामेट ग्राही अशा उरलेल्या पेशींत बसवून अंध उंदरांत दृष्टीचे कार्य काही प्रमाणात परत आणले. त्यासाठी वापरलेला रेणू जंबुपार नव्हे तर निळ्या प्रकाशाला प्रतिसाद देणारा होता.

क्रेमर यांच्या गटाचे रेणू जनुकबदलाशिवाय काम करतात. ते चेतापेशींच्या आयनमार्गांना आतल्या बाजूने रोखतात. मात्र आत शिरण्यासाठी त्यांना पी२एक्स हा पेशीपृष्ठावरील ग्राही लागतो आणि दृष्टिपटलाचा ऱ्हास होत असताना तो अधिक सक्रिय असतो. त्यामुळे निरोगी दृष्टिपटलाकडे हे रेणू जवळजवळ दुर्लक्ष करतात आणि रोगग्रस्त दृष्टिपटलावरच परिणाम करतात. हा गुण संशोधकांनी योजून घातलेला नव्हता. तो प्रयोगांतून नंतर कळून आला. या कुळातील बेनॅक या रेणूची, केआयओ-३०१ या नावाने, रेटिनायटिस पिगमेंटोसाच्या रुग्णांवरील पहिली चाचणी २०२२ मध्ये ऑस्ट्रेलियात सुरू झाली. औषध डोळ्यात सुईने दिले जाते आणि उद्दीपन म्हणून निराळा दिवा लागत नाही. खोलीत किंवा बाहेर असेल तोच प्रकाश पुरतो.